मराठवाड्यात रणगाडे घेऊन आलेला जनरल, ज्यानं १५ महिने हैदराबाद चालवलं आणि सत्ता परतही केली

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांशी बोलायला बसलं की एक शब्द हमखास कानावर येतो, तो म्हणजे पोलीस ॲक्शन. अमक्याचा जन्म पोलीस ॲक्शनच्या आधीचा, तमक्याचं लग्न पोलीस ॲक्शननंतरचं, असा काळ मोजणारी एक पिढी इथे होऊन गेली.

गंमत म्हणजे या पोलीस ॲक्शनमध्ये आघाडीवर पोलीस नव्हतेच. रणगाडे होते, तोफा होत्या, वरून विमानं होती आणि या सगळ्यांच्या मुख्य तुकडीचं नेतृत्व एका चाळिशीतल्या मेजर जनरलकडे होतं. जयंतो नाथ चौधरी, म्हणजेच जे. एन. चौधरी. भरघोस मिशांमुळे सैन्यातले दोस्त त्यांना मुच्छू म्हणायचे.

हेच चौधरी पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात सैन्याचे प्रमुख होते. बहुतेकांना ते त्यासाठीच माहिती असतात. पण त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग जास्त विचार करायला लावणारा आहे. सीमेवरचं युद्ध बाजूला ठेवून देशाच्या आत, आपल्याच लोकांमध्ये सैन्य उतरवायची वेळ त्यांच्यावर पुन्हा पुन्हा आली. कधी राज्य चालवायला, कधी पुराच्या वेळी, तर कधी अंत्ययात्रेची गर्दी आवरायला. देशाच्या आत सैन्य नेमकं कधी उतरवायचं, त्याला किती अधिकार द्यायचे आणि परत कधी पाठवायचं, या प्रश्नाची जवळपास सगळी रूपं या एका माणसाच्या नोकरीत सापडतात.

घरात राजकारण, साहित्य आणि सिनेमा. हा मात्र फौजेत

चौधरींचा जन्म १० जून १९०८ चा. घराणं बंगालमधलं, पाबना जिल्ह्यातल्या हरिपूरच्या जमीनदारांचं. आई प्रमिला या व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या कन्या. म्हणजे काँग्रेसचे पहिले अध्यक्ष हे चौधरींचे आजोबा. बंगाली साहित्यात मोठं नाव असलेले प्रमथ चौधरी त्यांचे काका. आणि बॉम्बे टॉकीजची देविका राणी ही त्यांची चुलत बहीण.

अशा घरातला पोरगा बॅरिस्टर होणार, लेखक होणार असंच कुणालाही वाटलं असतं. पण कोलकात्यातलं सेंट झेवियर्स आणि लंडनची हायगेट शाळा करून तो पोहोचला सँडहर्स्टला. ब्रिटिश सैन्याचे अधिकारी तयार करणारी ही संस्था. तिथे मोजक्याच भारतीय पोरांना प्रवेश मिळायचा.

१९२८ च्या फेब्रुवारीत चौधरी सँडहर्स्टमधून अधिकारी होऊन बाहेर पडले. त्याच वेळी तिथून आणखी एक तरुण बाहेर पडला, त्याचं नाव अयुब खान. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौधरी घोडदळात गेले. घोड्यांच्या जागी रणगाडे आणि चिलखती गाड्या येण्याचा तो काळ. दुसऱ्या महायुद्धात ते सुदान, एरिट्रिया आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढले, नंतर ब्रह्मदेशात त्यांनी सोळाव्या कॅव्हलरी रेजिमेंटचं नेतृत्व केलं. देश स्वतंत्र झाला तेव्हा वरच्या पदांवरचे इंग्रज अधिकारी परत जायला लागले होते. भारतीय अधिकाऱ्यांना भराभर बढत्या मिळत होत्या. चौधरी आधी दिल्लीत मुख्यालयात लष्करी कारवायांचे संचालक झाले आणि मे १९४८ मध्ये त्यांच्याकडे सैन्याची पहिली चिलखती डिव्हिजन आली.

आणि समोर वाढून ठेवलं होतं हैदराबाद.

सैन्य पाठवायचं, पण नाव पोलिसांचं का?

निजामाचं हैदराबाद संस्थान म्हणजे एक वेगळा देशच होता. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा पसारा, १६ जिल्हे, दीड कोटीच्या वर लोकसंख्या. स्वतःचं चलन, स्वतःची रेल्वे, स्वतःचं सैन्य. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे याच संस्थानात होते. जवळपास ८५ टक्के प्रजा हिंदू आणि राज्यकर्ता मुस्लिम.

१५ ऑगस्ट १९४७ ला निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील झाला नाही. नोव्हेंबरमध्ये भारताशी जैसे थे करार झाला, पण त्यातून काही निष्पन्न झालं नाही. दरम्यान लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार संघटनेनं गावोगावी धुमाकूळ घातला. लूट, जाळपोळ, खून. सीमेवरच्या गावांतून लोक जीव मुठीत घेऊन शेजारच्या मुंबई प्रांतात पळत होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालची स्टेट काँग्रेस लढत होती, तिचे कार्यकर्ते तुरुंगात होते. तिकडे तेलंगणात कम्युनिस्टांनी जमीनदारांविरुद्ध हत्यारं उचलली होती.

थोडक्यात, संस्थानात सरकार होतं, पण लोकांच्या जिवाची हमी घेणारं कुणी उरलं नव्हतं.

सरदार पटेलांनी सैन्य पाठवायचा आग्रह धरला. हैदराबादनं आपला वाद संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेला होता. भारताची भूमिका अशी होती की हा दोन देशांमधला वाद नाही, हा घरातला कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न आहे. म्हणून मोहिमेला युद्ध म्हणायचं टाळलं गेलं आणि पोलीस ॲक्शन हे नाव पुढे आलं. लष्कराच्या कागदावर मात्र नाव होतं ऑपरेशन पोलो.

हे नाव नुसतं जगाला दाखवण्यापुरतं नव्हतं. शत्रूच्या देशात घुसलेलं सैन्य जिंकतं आणि पुढे जातं. आपल्याच प्रदेशात घुसलेल्या सैन्याला मात्र मागे राहिलेल्या प्रत्येक गावाची जबाबदारी घ्यावी लागते. या जबाबदारीचं पुढे काय झालं, ते बघूच.

सोलापूरहून निघालेले रणगाडे

मोहिमेची सूत्रं होती सदर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्याकडे. मुख्य चाल दोन बाजूंनी होती. पूर्वेकडून विजयवाड्याहून मेजर जनरल रुद्र यांची तुकडी आणि पश्चिमेकडून सोलापूरहून चौधरींची चिलखती डिव्हिजन. याशिवाय औरंगाबाद आणि जालन्याकडे वेगळ्या तुकड्या निघणार होत्या.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे चौधरींच्या तुकड्या संस्थानात शिरल्या. पहिलं महत्त्वाचं ठिकाण होतं नळदुर्ग. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा इथला बोरी नदीचा पूल उडवला गेला असता तर रणगाडे अडकले असते. पण पूल शाबूत हाती आला. संध्याकाळपर्यंत सैन्य उमरग्यापर्यंत पोहोचलं. मग राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद. रझाकारांनी जमेल तिथे प्रतिकार केला, रस्त्यात सुरुंग पेरले, पण रणगाड्यांपुढे त्यांचा टिकाव लागण्यासारखा नव्हता.

१७ सप्टेंबरला निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली. हाच दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला हैदराबाद शहराबाहेर निजामाच्या सैन्याचे प्रमुख अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

पाच दिवसांत काम फत्ते. कासीम रझवी पकडला गेला, पंतप्रधान लायक अली नजरकैदेत गेले.

लढाई संपली, पण चौधरींची खरी परीक्षा इथून सुरू झाली. त्याच दिवशी ते हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले.

एका मेजर जनरलच्या हातात सगळं राज्य

लष्करी गव्हर्नर म्हणजे नेमकं काय?

निजाम गादीवर कायम होता, पण नावापुरता. कायदा करणं, तो राबवणं, अधिकारी नेमणं, काढणं, ही सगळी सत्ता निजामाच्याच फर्मानानं लष्करी गव्हर्नरकडे आली. विधिमंडळ नाही, मंत्रिमंडळ नाही. दीड कोटी लोकांच्या राज्याचा कारभार एका सैन्याधिकाऱ्याच्या सहीनं चालणार होता.

भारतात अशी व्यवस्था करताना एक काळजी घेतली गेली. गव्हर्नर लष्करी असला तरी त्याच्या खालचा कारभार मुलकी अधिकाऱ्यांकडे ठेवला गेला. मुख्य मुलकी प्रशासक म्हणून नेमणूक झाली डी. एस. बखले या आयसीएस अधिकाऱ्याची. शेजारच्या मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतांतून अधिकारी आणि पोलीस मागवण्यात आले. आणि चौधरींच्या वर होतं दिल्लीतलं पटेलांचं संस्थान खातं. म्हणजे वर मुलकी सत्ता, खाली मुलकी यंत्रणा आणि मधे एक जनरल.

या काळात कागदावर झालेली कामं मोठी आहेत. निजामाची खासगी जमीन, जिला सर्फ ए खास म्हणायचे, ती १९४९ मध्ये सरकारी जमिनीत विलीन झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द करणारा कायदा आला. संस्थानातली जवळपास एक तृतीयांश जमीन जहागिरींखाली होती. तिथल्या शेतकऱ्याचा धनी सरकार नव्हतं, जहागीरदार होता. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हा प्रकार लष्करी गव्हर्नरच्या काळात कायद्यानं संपला.

पण या पंधरा महिन्यांचा हिशेब इथेच संपत नाही.

जे शाळेच्या पुस्तकात आलं नाही

रणगाडे मुख्य रस्त्यानं पुढे गेले. गावं मागे राहिली. जुनी पोलीस यंत्रणा कोसळली होती, नवी अजून यायची होती. मधल्या दिवसांत गावोगावी सूड सुरू झाला. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा राग होता, पण तो निघाला सरसकट मुस्लिम वस्तीवर. त्यात रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली माणसंही मारली गेली. घरं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले.

बातम्या दिल्लीपर्यंत पोहोचल्या. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक पाठवलं. काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्यात होते. नोव्हेंबरच्या शेवटी ते आले, डिसेंबरमध्ये त्यांनी १६ पैकी ९ जिल्हे पालथे घातले, शंभराहून जास्त गावांतल्या लोकांशी बोलले.

त्यांच्या अहवालातला अंदाज असा होता की पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर किमान २७ हजार ते ४० हजार लोकांचा जीव गेला. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा. त्यातले दोन आजच्या मराठवाड्यातले.

अहवालात काही ठिकाणी सैन्य आणि पोलिसांच्या लोकांवरही ठपका होता. लुटीत भाग घेतल्याचा आणि काही जागी हत्यांमध्ये सामील असल्याचा. त्याच अहवालात हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुस्लिम कुटुंबांना वाचवल्याच्याही नोंदी आहेत.

पटेलांना हा अहवाल पटला नाही. तो प्रसिद्धही झाला नाही. कितीतरी दशकं तो सरकारी कपाटात राहिला आणि अगदी अलीकडे, २०१३ च्या सुमारास, अभ्यासकांना खुलेपणानं पाहता आला. आकड्यांवर आजही वाद आहे. पण मोठ्या प्रमाणावर हिंसा झाली, हे कुणी नाकारत नाही.

मग यात चौधरींची जबाबदारी किती? हे सगळं त्यांच्या आदेशानं झालं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण राज्याचे सर्व अधिकार १८ सप्टेंबरपासून त्यांच्याकडे होते, त्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक गावाची जबाबदारीही त्यांच्याच कारभाराकडे जाते. पाच दिवसांत राजधानी गाठायची योजना तयार होती. जिंकलेल्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात कोण बसणार, याची तयारी मात्र त्या वेगानं झाली नव्हती. देशाच्या आतल्या कारवाईत सैन्य किती लवकर पोहोचलं याला जितकं महत्त्व असतं, तितकंच सैन्याच्या पाठोपाठ कोण येतं यालाही असतं. हैदराबादमध्ये ही दुसरी बाजू लंगडी पडली आणि त्याची किंमत गावांनी मोजली.

तेलंगणात वेगळंच प्रकरण चिघळलं. रझाकार संपल्यावर सैन्याचा मोर्चा कम्युनिस्टांकडे वळला. नलगोंडा, वरंगळ भागात हजारो लोकांना पकडण्यात आलं. जमीनदारांनी बळकावलेली जमीन शेतकऱ्यांनी परत घेतली होती, ती काही ठिकाणी पुन्हा जमीनदारांकडे गेली. निजामापासून सोडवायला आलेलंच सैन्य आता दारात उभं राहिलंय, अशी तिथल्या अनेक शेतकऱ्यांची भावना झाली. तो संघर्ष थांबायला १९५१ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर चौधरी हैदराबादमधून गेलेले होते.

बाहेरून आणलेल्या अधिकाऱ्यांमुळेही नाराजी वाढली. स्थानिकांच्या नोकऱ्या परके खातात ही तक्रार तेव्हा सुरू झाली आणि १९५२ मध्ये हैदराबादमध्ये मुल्की आंदोलन पेटलं.

सत्ता परत केली, ही साधी गोष्ट नव्हती

१९४९ संपता संपता चौधरींची लष्करी गव्हर्नरपदाची मुदत संपली. कारभार एम. के. वेल्लोडी या आयसीएस अधिकाऱ्याकडे गेला. पुढे त्यांच्या मंत्रिमंडळात काँग्रेसचे लोकप्रतिनिधी आले आणि १९५२ मध्ये हैदराबादनं पहिल्यांदा मतदान करून आपलं सरकार निवडलं.

चौधरी पुन्हा गणवेशात, पुन्हा सैन्याच्या नेहमीच्या कामावर.

आज हे वाचताना त्यात काय विशेष, असं वाटेल. विशेष काय ते समजायला सँडहर्स्टमधल्या त्या दुसऱ्या पोराकडे बघावं लागतं.

अयुब खान फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि सैन्याचे प्रमुख झाले. १९५३ मध्ये लाहोरमध्ये अहमदियांविरोधात दंगली उसळल्या. पोलिसांच्या हाताबाहेर गेलं म्हणून सैन्याला बोलावलं गेलं आणि शहरात मार्शल लॉ लागला. सैन्यानं शहर शांत केलं आणि दोनेक महिन्यांनी ते बाजूला झालं. पण राजकारण्यांना जमत नाही ते सैन्याला जमतं, हा धडा लोकांच्याही डोक्यात बसला आणि सैन्याच्याही. १९५८ मध्ये पुन्हा मार्शल लॉ लागला, या वेळी सगळ्या देशात. अयुब खान सत्तेवर आले ते १९६९ पर्यंत. तेही गेले ते सत्ता दुसऱ्या जनरलच्या हाती देऊन.

एकाच वर्षी, एकाच संस्थेतून शिकून निघालेले दोन अधिकारी. दोघांच्याही हातात सैन्याच्या जोरावर राज्य आलं. एक पंधरा महिन्यांत बाहेर पडला, दुसरा अकरा वर्षं राहिला.

हे फक्त दोन माणसांच्या स्वभावामुळे झालं असं म्हणता येणार नाही. चौधरींच्या डोक्यावर पटेल आणि नेहरूंचं मजबूत सरकार होतं, देशाची राज्यघटना लिहून पूर्ण होत आली होती, पहिल्या निवडणुकीची तयारी सुरू होणार होती. पाकिस्तानात यातलं फारसं काही उभं राहिलं नव्हतं. जनरलनं परत जावं यासाठी त्याच्यामागे तितकंच भक्कम मुलकी सरकार उभं असावं लागतं. भारतात ते होतं.

पानशेत फुटलं तेव्हा

पुढच्या दहा वर्षांत चौधरी एकेक पायरी चढत गेले आणि मे १९५९ मध्ये सदर्न कमांडचे प्रमुख म्हणून पुण्यात आले.

ते इथे असतानाच १९६१ चा जुलै उजाडला. आंबी नदीवर बांधकाम अपुरं असलेलं पानशेत धरण पावसानं भरत चाललं होतं. मातीचा बांध खचायला लागला तेव्हा सैन्याच्या जवानांना बोलावलं गेलं. ११ जुलैची रात्रभर भर पावसात जवान वाळूची पोती रचत राहिले. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेचं पाणी पुण्यात घुसलं.

धरण वाचलं नाही. पण त्या रात्री पोती रचून बांध जितका वेळ टिकला, त्यामुळे लोंढा रात्री न येता दिवसाउजेडी आला आणि अनेकांना पळायला अवधी मिळाला, असं पुण्यात आजही सांगितलं जातं. पूर ओसरल्यावरही शहर सावरायला सैन्य होतं.

तेव्हा एनडीआरएफ नव्हतं. ते आलं २००६ मध्ये, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर. आज पुण्याजवळच त्याची एक बटालियन आहे. पण १९६१ मध्ये पूर असो, धरण असो, भूकंप असो, एकदम हजार शिस्तबद्ध माणसं, ट्रक, होड्या आणि वायरलेस घेऊन हजर होऊ शकणारी यंत्रणा एकच होती, ती म्हणजे सैन्य. म्हणून धरण पाटबंधारे खात्याचं, शहर महापालिकेचं आणि पोती जवानांच्या खांद्यावर.

हैदराबादपेक्षा हे काम वेगळं होतं. इथे सैन्याला कुणावर राज्य करायचं नव्हतं. हुकूम मुलकी प्रशासनाचा, मदत सैन्याची. काम झालं की छावणीत परत.

गोवा आणि पुन्हा तोच प्रश्न

त्याच वर्षाच्या शेवटी सदर्न कमांडवर आणखी एक काम आलं. पोर्तुगीज गोवा सोडायला तयार नव्हते. चौधरींच्या देखरेखीखाली ऑपरेशन विजयची आखणी झाली, बेळगाव परिसरात सैन्य जमलं. १८ डिसेंबर १९६१ ला सैन्य गोव्यात शिरलं आणि १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नरनं शरणागती दिली.

इथेही सैन्य जिंकल्यावर लष्करी गव्हर्नर नेमावा लागला. ते होते प्रत्यक्ष मोहिमेचे प्रमुख मेजर जनरल कँडेथ. पण या वेळी लष्करी कारभार जेमतेम सहा महिने चालला. जून १९६२ मध्ये गोव्यात मुलकी कारभार आला आणि १९६३ च्या डिसेंबरमध्ये निवडणूकही झाली. हैदराबादला लागलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी वेळात सैन्य कारभारातून बाहेर पडलं.

लष्करप्रमुख आणि एका अंत्ययात्रेची अफवा

१९६२ च्या चीन युद्धात झालेल्या पराभवानंतर लष्करप्रमुख थापर पायउतार झाले आणि नोव्हेंबरमध्ये चौधरींकडे सैन्याची धुरा आली. त्याच सुमारास मुंबईहून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. खचलेलं सैन्य पुन्हा उभं करण्याचं काम या दोघांच्या वाट्याला आलं.

२७ मे १९६४ ला नेहरू गेले. अंत्यदर्शनाला लाखोंची गर्दी होणार हे उघड होतं. गर्दी आवरायला म्हणून चौधरींनी दिल्लीत जादा सैन्य आणलं.

आणि राजधानीत कुजबुज सुरू झाली. पंतप्रधान गेलेत, नवा अजून ठरलेला नाही आणि लष्करप्रमुख दिल्लीत सैन्य का आणतायत? त्यात हा जनरल असा, ज्यानं आधी एक अख्खं राज्य चालवलेलं. शेजारी पाकिस्तानात अयुब खान, ब्रह्मदेशात जनरल ने विन सत्तेवर. बंडाच्या अफवा पसरल्या आणि चौधरींना आपल्या निर्णयाचा खुलासा करावा लागला. सैन्य गर्दीसाठी होतं, दुसरं काही नव्हतं.

तसंच ते होतं. अंत्यसंस्कार पार पडले, लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले, सैन्य आपल्या जागी गेलं.

अफवा खोटी ठरली, पण प्रश्न विचारला गेला हे महत्त्वाचं. राजधानीत एक तुकडी हलली तरी लष्करप्रमुखाला त्याचं उत्तर द्यावं लागतं, ही सवय देशाला लागलेली होती. चौधरींच्या वाट्याला मनस्ताप आला असेल, पण लोकशाहीला हा संशय परवडतो. तो न बाळगणं परवडत नाही.

पुढच्या वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं. समोर राष्ट्राध्यक्ष होते सँडहर्स्टचे सोबती अयुब खान. त्या युद्धातल्या चौधरींच्या काही निर्णयांवर पुढे टीकाही झाली, ती एक वेगळी मोठी गोष्ट आहे. जून १९६६ मध्ये ते निवृत्त झाले. सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं आणि उच्चायुक्त म्हणून कॅनडाला पाठवलं. ६ एप्रिल १९८३ ला त्यांचं निधन झालं.

आज नियम काय सांगतो?

दंगल असो की पूर, सैन्य बोलवा अशी मागणी आज सोशल मीडियावर पहिल्या तासाभरातच सुरू होते. म्हणून कायदा काय म्हणतो ते माहिती असलेलं बरं.

दंगलीत सैन्य आपणहून रस्त्यावर उतरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ नुसार पोलिसांकडून जमाव पांगत नसेल आणि जनतेची सुरक्षितता धोक्यात असेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला पाचारण करू शकतो. जमाव कसा पांगवायचा हे सैन्याचा अधिकारी ठरवतो, पण कमीत कमी बळ वापरायचं, हे बंधन त्याच्यावर असतं. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड दिसत असेल, तर कलम १५० नुसार लष्करी अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो. पण संपर्क होताच पुढचं दंडाधिकाऱ्याच्या सूचनेनुसार.

या नियमांची मुळं इंग्रजांच्या काळातल्या फौजदारी कायद्यात आहेत. चौधरींच्या वेळीही साधारण हीच चौकट होती. हैदराबाद आणि गोव्यात परिस्थिती या चौकटीबाहेरची होती, कारण तिथे मदत मागणारं मुलकी प्रशासनच नव्हतं. पानशेतला ते होतं.

चौधरींच्या हयातीत सैन्य देशाच्या आत जिथे जिथे उतरलं, तिथे ते वेळेवर पोहोचलं आणि सांगितलेलं काम त्यानं केलं. जिथे त्याच्या पाठोपाठ तहसीलदार, पोलीस आणि न्यायाधीश लवकर आले, तिथे लोकांना दिलासा मिळाला. उस्मानाबाद, नांदेडच्या गावांमध्ये ते यायला उशीर झाला, आणि त्या काही आठवड्यांत काय घडलं, हे त्या गावांतल्या काही घरांमध्ये आजही हळू आवाजातच सांगितलं जातं.